बाबांना आत घेऊ नकोस

१२ फेब्रुवारी

वेस,

फोनवर तू एकच गोष्ट विचारलीस आणि मी तुला स्कोअर सांगितला. एका गुणाने हरलो, ओव्हरटाइममध्ये. मग तुझ्या बोटीवरच्या त्या फोनमधून खरखर यायला लागली आणि लाइन गेली. म्हणून हे पत्र. पत्रात खरखर तरी येत नाही.

तू विचारलं होतंस, "माझा मेसेज बाबांनी पाहिला का?"

नाही. मी तेव्हाही नाही म्हणाले होते, ते तुला ऐकू गेलं की नाही कोण जाणे, म्हणून लिहून टाकते. तुझा मेसेज आला त्याच्या आधीच ते गेले होते. डॉक्टरही तसंच म्हणाले. तेव्हा तुझ्या मेसेजचा आणि त्यांच्या जाण्याचा काडीचा संबंध नाही. हा विषय इथे संपला.

घर ठीक आहे. मी ठीक आहे. दफनविधी छान झाला म्हणतात. मला पाद्रीबाबांचे चिखलाने भरलेले बूट तेवढे आठवतात. तू समुद्रात होतास, तुला कळायलाच उशीर झाला, हे मी सगळ्यांना सांगितलं आहे. कुणी नावं ठेवली नाहीत. ठेवली असतील तर माझ्यासमोर नाही.

लोकांनी इतकं जेवण आणून दिलंय की फ्रीजचं दार लागत नाही. मॅकरोनी, हॅम, परत मॅकरोनी. मी खाते, भांडी घासून ज्याची त्याला पोचती करते. रडू येत नाही. इमोजीनकाकू मागे लागलीय, "अगं, एकदा मोकळी हो." मी म्हणते, "मोकळीच आहे की, कामं संपली सगळी." दात काढायच्या आधी डॉक्टर इंजेक्शन देतात आणि ओठ आपला राहत नाही ना, तशी मी सबंधच झाले आहे.

तुझा हॉबर्टकाका रोज येतो. सख्खा भाऊ गेला, पण त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. खुर्ची ओढतो, मीठदाणी, मिरीदाणी, चमचे पुढे घेतो आणि टेबलावर शेवटचा डाव मांडतो. मीठदाणी म्हणजे प्रुइट, आपल्या ॲशब्रुकच्या बास्केटबॉल संघातला तो पहिल्या वर्षाचा लांबलचक पोरगा. मिरीदाणी म्हणजे टालमॅजच्या संघातला, ज्याने कोपऱ्यातून तो शेवटचा लांब बॉल मारला. हॉबर्ट मीठदाणी एक बोटभर सरकवतो आणि म्हणतो, "इथे. इथे चुकलं." मी कॉफी ओतते.

गळ्याला काहीतरी गुंडाळत जा.

आई


२० फेब्रुवारी

वेस,

आज पुन्हा हरलो. नवीन मॅच नव्हती, तीच पुन्हा हरलो. हॉबर्टने रेकॉर्डिंग आणलं होतं. इमोजीन होती, आणि क्लोविस आला होता, ज्याच्या शाळेच्या बसमध्ये तू एकदा ओकला होतास आणि जो ते अजून सांगतो. आपल्या नेहमीच्या पद्धतीने बसलो, टीव्हीचा आवाज बंद आणि रेडिओवरच्या आपल्या समालोचकाचा आवाज चालू. हॉबर्टने रेडिओचंसुद्धा टेप करून ठेवलंय. रेडिओ चित्राच्या जरा पुढे पळतो, त्यामुळे आपण आधी हरलो आणि मग हरताना बघितलं.

"पोरगं घाबरलं," क्लोविस म्हणाला.

"घाबरायला काय झालं? कोपऱ्यात उभं राहायचं, एवढंच काम. खांबाला जमलं असतं," हॉबर्ट म्हणाला.

"खांब कुणाच्या मदतीला धावत नाही. आतला गडी मोकळा सुटला होता, कुणीतरी जायलाच हवं होतं ना?"

"ज्याचं त्याने बघितलं असतं. याने आपला कोपरा सोडला, आणि बॉल तिथेच आला."

"आणि तो उरलेला टाइमआउट? प्रशिक्षक खिशात घालून घरी घेऊन गेला. आता घे म्हणावं, जेवायच्या आधी."

मग इमोजीन म्हणाली, "माझा स्वेटर. मी धुतला होता."

"कुठला? टालमॅजच्या मॅचचा?" क्लोविसने कपाळावर हात मारला. "सीझन चालू असताना धुतलास?"

"वास येत होता रे."

"मग यायचा होता. आम्ही काय नाक घेऊन बसलो होतो?"

त्यांचं हे असं चाललं होतं, आणि मला हसू आलं. म्हणजे तोंडातून आवाज आला. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग पुन्हा टीव्हीकडे. टीव्हीच्या बाजूला खिडकी आहे, खिडकीतून बाबांची पिकअप दिसते. तिकडे मात्र कुणी बघत नाही.

तुला आठवतं का हे सगळं तुझ्यापासून सुरू झालं ते? पहिलीत होतास. टालमॅज आपल्याला धुऊन काढत होतं. बाबा वैतागून कुत्र्याला खायला घालायला बाहेर गेले आणि आपली पोरं बास्केटमागून बास्केट मारायला लागली. बाबा आत आले, लगेच टालमॅजने बॉल पळवला. तू सोफ्यावर उभा राहून ओरडलास, "आई, बाबांना आत घेऊ नकोस!" हॉबर्टने त्यांना धरून दाराबाहेर काढलं, आणि आपण जिंकलो. तेव्हापासून तुझा बाप पांढऱ्या पायाचा ठरला तो ठरलाच. आपण मागे पडलो की टोपी घालायची, थर्मास घ्यायचा, गाडीत जाऊन बसायचं. रेडिओ लावायचा नाही. जिंकलो की आतून पोर्चचा दिवा लावायचा, मग यायचं. कडाक्याच्या थंडीतसुद्धा कधी कुरकुर केली नाही. उलट मिरवायचे. पेट्रोल पंपावर सांगायचे, "परवा मी तासभर बाहेर होतो, म्हणून वाचलो."

हरल्यावर मात्र दिवा लागत नाही. कुणीतरी जाऊन सांगावं लागतं. आणि त्या शनिवारी, टालमॅजशी हरलो तेव्हा, जायला कुणी तयार नव्हतं.

"मी मागच्या साली गेलो होतो," हॉबर्ट म्हणाला. "आठवडाभर बोलला नाही माझ्याशी. जसं काय मीच बॉल सोडला."

"मी बाहेरचा माणूस," क्लोविस म्हणाला. "घरच्यांनी सांगावं."

मग हॉबर्ट म्हणाला, "थांबा जरा. गेल्यावर पहिलं विचारेल, कसे हरलो. आधी आपल्याला तर कळू दे काय झालं ते."

ते पटलं सगळ्यांना. मलाही पटलं. म्हणून आम्ही टेबलाशी बसलो आणि कसे हरलो ते शोधत राहिलो. चमचे मांडले, मोडले. कॉफी संपली, मी परत केली. इमोजीन शेवटी म्हणाली, "बिचारा डॉइल उपाशी असेल," आणि बीन्स आणि मक्याचा पाव ताटलीत घेऊन गेली. परत आली तेव्हा ताटली हातात तशीच होती. दारात उभी राहून म्हणाली, "डॉइल उठत नाहीये."

हॉबर्टने मान वर केली नाही. मिरीदाणी सरकवत म्हणाला, "रुसला असेल. पण त्याला कळलं कसं?"

हे मी तुला का सांगतेय मला माहीत नाही. तुला कुणीतरी सांगणारच, त्यापेक्षा मी बरी. झटका मोठा होता असं डॉक्टर म्हणाले.

इमोजीन त्यानंतर बीन्स करत नाही. बाकी सगळे तसेच आहेत.

आई


३ मार्च

वेस,

तुझं कार्ड आलं. पुढे मासा, मागे चार ओळी. मी ते फ्रीजवर लावलं होतं, मग काढलं.

"म्हणजे मी लिहिलं हे त्यांना कळलंच नाही. ठीक आहे. बाबांची छपराच्या कामाची हत्यारं हॉबर्टकाकाला दे. मी इथेच राहीन म्हणतो, उन्हाळ्यानंतरही. तिकडे यायला आता काही कारण नाही."

मी तिकडेच आहे, वेस. पण ते राहू दे.

मला वाटलं होतं मी तुला सोपं करून देतेय. माझा हिशोब साधा होता. मेसेज आला तेव्हा ते आधीच गेलेले असले, तर तुझ्याकडे कसलं बोट जात नाही. तू मोकळा. त्याची दुसरी बाजू मला दिसली नाही. त्या बाजूने बघितलं तर तीन वर्षांच्या अबोल्यानंतर तू बाबांसाठी एक ओळ लिहिलीस, आणि ती मेलेल्या माणसाला लिहिलीस. डोकं चालत नाही माझं हल्ली. दुधाची बाटली कपाटात ठेवते आणि साखर फ्रीजमध्ये.

काल हॉबर्ट आला. मी भांडी पुसत होते. त्याने मीठदाणी घेतली. माझ्या आत काही हललं नाही, राग नाही, काही नाही. मी त्याच्या हातातून मीठदाणी काढून घेतली आणि फडताळात ठेवली, एवढंच.

"अगं, बघ तर खरं," तो म्हणाला. "त्या पोराने कोपरा सोडला नसता तर..."

"हॉबर्ट," मी म्हटलं, "त्या पोराने कोपरा सोडला म्हणून डॉइल मेला नाही."

तो बसून राहिला. केवढा मोठा माणूस, पण खुर्चीत मावत होता आणि वर जागा उरत होती. मग म्हणाला, "तू मध्ये एकदा दार उघडलंस ना, बाहेर जायला, तेव्हा मी ओरडलो, 'दार लाव, तो आत येईल.' मी असं ओरडलो, व्हर्लीन. माझ्या भावासाठी."

"गंमत होती ती. सगळेच तसं ओरडतो."

"त्याने ऐकलं असेल?"

"ऐकलं. हसला."

"हसला? मग तेव्हा तो..." हॉबर्टने माझ्याकडे बघितलं. "तू तर पोराला सांगितलंस ना, की आधीच."

मी हातातली बशी परत पुसली. त्याने कोट घातला, दाराशी थांबला, आणि पहिल्यांदाच खिडकीतून गाडीकडे नीट बघितलं. मग मागच्या दाराने गेला.

डॉक्टर तसं म्हणाले नव्हते, वेस. झटका मोठा होता हे खरं. वेळेचं विचारल्यावर म्हणाले होते, सांगता येणार नाही. उरलेलं लिहायला बसले आहे केव्हाची, पण पेन पुढे जात नाही.

आई


८ मार्च, शनिवार

वेस,

गाडीत बसून लिहितेय, अक्षर वाकडंतिकडं येईल. मांडीवर तुझ्या बाबांचा क्लिपबोर्ड आहे, त्यावर कुणाच्या तरी छपराची मापं आहेत.

आज दुपारी टालमॅज पुन्हा. यंदा सीझननंतरच्या स्पर्धेतही तेच नशिबी आले. सगळे आपल्याकडेच जमले, कारण दुसरीकडे कुठे जमावं हे कुणाला सुचलं नाही. इमोजीनने न धुतलेला स्वेटर घातला होता. पहिल्या हाफमध्येच आपण मागे पडलो. खूप मागे. रेडिओवरचा तेवढा बोलत होता. क्लोविसचे डोळे एकदा खिडकीकडे गेले आणि त्याने ते चोर पकडल्यासारखे परत आणले.

हॉबर्ट म्हणाला, "आज कुणी बाहेर जायचं नाही. हरलो तर हरलो."

मी उठून कोट घेतला.

"व्हर्लीन, खाली बस."

"मला पत्र लिहायचंय."

"इथे लिही ना. आम्ही आवाज करत नाही."

"तुम्ही आणि आवाज करणार नाही," मी म्हटलं आणि आले.

आता काय झालंय, दर थोड्या वेळाने कुणीतरी येऊन काच वाजवतं. आधी इमोजीन आली, मी ठीक आहे म्हणून अंगठा वर केला, ती गेली. मग क्लोविस, गुडघे दुखतात तरी. आत्ता हॉबर्ट येऊन गेला. स्कोअर सांगायचा नाही हा नियम आहे, म्हणून तो काचेबाहेर उभा राहतो, माझ्या तोंडाकडे बघतो, मान हलवतो आणि परत जातो. कुणाला मॅच बघायला मिळत नसणार. नुसती ये-जा चाललीय.

तर ऐक.

त्या दिवशी आपण मागे होतो तेव्हा बाबा आपणहून उठले. टोपी घातली आणि म्हणाले, "चला, पांढरे पाय बाहेर काढतो." ते गेले आणि आपल्या पोरांना सूर सापडला. शेवटची काही मिनिटं उरली होती तेव्हा माझा फोन ओट्यावर फडक्याखाली थरथरला. मी फडकं काढलं. तुझं नाव होतं, म्हणजे तिकडे बोटीवर तूही मॅच ऐकत होतास. खाली एकच ओळ, "बाबांना आत घेऊ नकोस."

मी ती तिथेच उभी राहून वाचली. मग कोट न घालताच बाहेर गेले. तेव्हाच हॉबर्ट ओरडला ते.

बाबांनी काच खाली केली. "काय झालं? हरलो?"

"नाही. हे बघ."

चष्मा आत राहिला होता. फोन लांब धरला, जवळ धरला, मग मला दिला. "वाच."

मी वाचलं.

"कुणी?"

"वेसने."

ते समोर बघत राहिले. "परत वाच."

मी परत वाचलं. त्यांनी बाहीने पुढची काच पुसली. काच स्वच्छ होती. मग म्हणाले, "अजून तेच म्हणतोय. सोफ्यावर उभा राहून म्हणाला होता." आणि हसले, वेस. तू गेल्यापासून तसं हसताना मी पाहिलं नव्हतं. तू निघालास त्या दिवशी ते म्हणाले होते, "गेलास तर फोन करू नकोस," आणि तू ते खरं मानलंस. त्या दिवसापासून फोन वाजला की ते खोलीतून उठून जायचे आणि दाराआड उभे राहायचे. मी तुझ्याशी बोलत असले की ऐकायचे. हेही मी तुला सांगितलं नव्हतं.

मी म्हटलं, "चल आत. त्याने गंमत केलीय, गारठा किती आहे बघ."

"तीन वर्षांनी पोराने काहीतरी सांगितलंय," ते म्हणाले. "ऐकायला नको?"

त्यांनी डावा दंड चोळला. मी विचारलं, दुखतोय का. म्हणाले, थंडी. मला ते पटलं. आम्हा सगळ्यांना त्या दिवशी सगळंच पटत होतं. म्हणून तू एकटा हे ओझं उचलू नकोस. दार लाव म्हणणारा हॉबर्ट आहे, थंडी म्हटल्यावर मान हलवणारी मी आहे, आणि टेबलाशी बसून चमचे मांडणारे आम्ही सगळे. तुझ्या वाट्याला एक ओळ येते. आणि त्या ओळीने त्यांना हसवलं होतं.

मी निघाले तेव्हा त्यांनी मला हाक मारली आणि निरोप सांगितला. "त्याला कळव," म्हणाले. मी बरं म्हटलं. पोर्चवर पोचते तोच आतून आरडाओरडा ऐकू आला, आपण बरोबरी केली होती. मी धावत आत गेले. फोन फ्रीजवर ठेवला. ओव्हरटाइम संपला की कळवू म्हटलं. मग हरलो, आणि मग कसे हरलो ते शोधत बसलो. तो निरोप तसाच राहिला. एवढे दिवस माझ्याकडे आहे. मी तो न देता तुला स्कोअर देत होते.

आत्ता लिहिताना कागद ओला झाला आहे, अक्षर फुटलं असेल तर समजून घे. इमोजीन परत आली होती. तिने काचेतून बघितलं, आणि या वेळी परत गेली नाही. दुसऱ्या बाजूचं दार उघडून शेजारी येऊन बसली आहे. मॅचचं काय झालं ते मी विचारलं नाही, तीही सांगत नाही. पोर्चचा दिवा मी बघितलेला नाही.

बाबांचा निरोप असा होता. "त्याला सांग, मी बाहेरच आहे. तो म्हणेपर्यंत आत येत नाही."

घरी ये, वेस, आणि म्हण.

आई